एका चादरीचा शर्ट

ही हकीकत कुणालाही पटणार नाही, असं वॉर्डातल्या ब्रदरने आधीच सांगून टाकलं, आणि शिंपीकाकांना तेवढं मात्र लगेच पटलं. कारण त्या दुपारी त्यांना काहीच पटत नव्हतं.

छातीवर कुणीतरी मापाच्या टेपा चिकटवून तशाच लोंबत्या सोडल्या होत्या. माप घ्यायचं तर घ्या, टेप गुंडाळून ठेवा आणि मोकळे व्हा, ही कुठली पद्धत? तोंडावर प्लास्टिकचा मुखवटा करकचून आवळलेला आणि त्यातून वारा नाकातोंडात घुसत होता. उशापाशी एक मशीन टिकटिकत होतं, पण त्याचा टाका काही सरळ पडत नव्हता. मध्येच दोन टाके घाईने पडायचे, मग एखादा गळायचा. मशीनला तेल द्या, असं त्यांनी शेजारच्या बाईला सांगितलं. तेही एका श्वासाला एक शब्द, असं तुकड्यातुकड्यांनी. बाईने डोळ्यांना रुमाल लावला. ती त्यांची बायको होती, पण काकांना ती लग्नाचे कपडे वेळेवर न मिळालेलं गिऱ्हाईक वाटत होती, आणि आता हिला काय तोंड दाखवायचं, या विचाराने ते भिंतीकडे बघत होते.

डॉक्टर मॅडमनी काकूंना सगळं उलगडून सांगितलं होतं. फुफ्फुसं जुनाट दम्याने खराब झालेली, त्यात हृदय थकलेलं. आत गेलेली हवा धड बाहेर पडत नाही, खराब वायू रक्तात साचतो आणि डोक्यात धुकं भरतं. मास्कचा वारा ती हवा बाहेर काढायला मदत करतो. पण काका एक तर मास्क ओरबाडत होते, नाहीतर पेंगत होते. मॅडम संध्याकाळच्या फेरीला येईपर्यंत माणूस भानावर आला तर ठीक, नाहीतर घशात नळी घालून मोठ्या मशीनवर. आणि असल्या हृदयानिशी मोठ्या मशीनवर चढलेला माणूस परत उतरतो का, असं काकूंनी विचारलं तेव्हा मॅडम नळीतलं सलाईन तपासायला लागल्या. काकू काय समजायचं ते समजल्या.

जाताना मॅडम म्हणाल्या होत्या की मास्क काढतच राहिले तर हात बांधा. ब्रदर म्हणाला, बांधायचं शेवटी बघू, आधी जरा बोलून बघतो.

हा ब्रदर म्हणजे वॉर्डातला सगळ्यात जुना नर्स आणि थापाड्या नंबर एक. सुई टोचताना तो अशी काही लोणकढी सोडायचा की रोगी दुखायचं विसरून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचा. त्याने काकांना ताठ बसवलं, पुढ्यात जेवणाचं टेबल ओढलं, त्यावर उशी ठेवली आणि उशीवर काकांचे दोन्ही हात टेकवले, म्हणजे छातीला जागा मिळते. मग सांगितलं की मी थांबलो की हुंकार द्यायचा, चांगला लांब, श्वास संपेपर्यंत. हुंकार लांबवायचा तर हवा बाहेर सोडावीच लागते, आणि झोपलेला माणूस हुंकार देत नाही. एका दगडात दोन पक्षी.

तर म्हणे बँडमध्ये मोठं पितळी वाद्य फुंकणारा एक गडी याच वॉर्डात दाखल झाला होता. त्याची छाती केवढी, तर त्याने श्वास घेतला की खिडकीचे पडदे आत ओढले जायचे आणि सोडला की दार आपोआप उघडायचं. भेटायला आलेल्यांनी टोप्या हातात धरून बसायचं, असा नियमच करावा लागला.

"हूंऽऽ," काका म्हणाले, आणि पडद्याकडे बघायला लागले. पडदा खरोखर हलत होता. मग तो बँडवाला आपणच का काय? आपल्यालाच हा मुखवटा का घातलाय? पडदा निसटायच्या आत मुखवटा काढलेला बरा. त्यांचा हात वर गेला. ब्रदरने मनगट अलगद धरून परत उशीवर ठेवलं आणि गोष्ट पुढे दामटली. मध्ये काका गप्प झाले तेव्हा काकूंनीच घाबरून हुंकार भरला.

ब्रदर म्हणाला, "तुमचा चालायचा नाही, काकू. दम तुम्हाला लागलेला नाही."

पण काकांची मान खाली चालली होती. त्यांना वाटत होतं आपण दुकानात बसलोय, दुपारची वेळ आहे, मशीनच्या पाट्यावर डोकं टेकवून एक डुलकी काढली तर कोण विचारतंय. ब्रदरने हाका मारल्या, खांदा हलवला. काकूंनी "अहो, अहो" केलं. मान आणखी खाली गेली. पहिल्यांदाच ब्रदरने दाराकडे, मॅडम ज्या बाजूने येणार होत्या तिकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून तो काकांच्या कानाशी वाकला आणि बँडवाल्याचा सगळा पसारा सोडून त्याच्या कपड्यांवर आला.

म्हणाला, दवाखान्याचा एकही शर्ट त्या छातीला होईना. टेप पुरेना, दोन टेपा जोडल्या. शेवटी मीच कात्री घेतली.

कात्री म्हटल्यावर काकांचा एक डोळा किलकिला झाला.

ब्रदरच्या आवाजात जोर आला. म्हणाला, हीच, ही तुमच्या मांडीवर आहे ना, अशीच एका पलंगाची एक चादर घेतली. त्यातून शर्ट बेतला. पुऱ्या बाह्यांचा, कॉलरचा, वर दोन खिसे. उरलेल्या कापडात वॉर्डातल्या समस्त सिस्टरांना एकेक हातरुमाल.

तो थांबला. हुंकार आला नाही.

काकांचा हात उशीवरून उचलला गेला आणि काकू अर्ध्या उठल्या. पण हात मास्ककडे गेला नाही. तो खाली आला, चादरीच्या काठावर टेकला आणि वीत वीत करत सरकायला लागला, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, मग आडवा. काकांनी मान वर केली. आधी ब्रदरकडे बघितलं, मग काकूंकडे, बराच वेळ. मास्कच्या आतून आवाज आला तो मडक्यातून आल्यासारखा घुमत, पण मध्ये कुठेही न तुटता:

"अगं, ऐकतेस का, एवढ्या चादरीत त्या माणसाची नुसती पाठ निघेल, बाह्या कुठून काढल्या याने? सरळ थापा मारतोय हा."