कराराची पेटी

ताईचा पाय वाचवायचा तर एकच इलाज उरला होता आणि तो धाकटीच्या प्रयोगशाळेत होता. ताईच्या गुडघ्याच्या जखमेत असा चिवट जंतू ठाण मांडून बसला होता की कुठल्याच औषधाला तो दाद देत नव्हता. पण त्या जंतूला खाणारा विषाणू धाकटीनेच शोधून काढला होता, शेजारच्या देशातल्या शास्त्रज्ञांच्या मदतीने. दोन्ही सरकारांनी त्यासाठी करार केला होता, मंत्र्यांनी हसत हात मिळवले होते, भाषणांना तर ऊत आला होता. आता सर्जननी बजावलं होतं, या आठवड्यात विषाणू मिळाला तर ठीक, नाहीतर पाय काढावा लागेल.

सोमवारी तिने डीप फ्रीझर उघडला तर हाताला गारवाच लागेना. सुट्टीत तो बंद पडला होता आणि त्याची धोक्याची घंटा कुणीतरी कटकट नको म्हणून आधीच बंद करून ठेवली होती. विषाणू भारी नाजूक, वितळला की गेला. सगळ्या कुप्या वाया गेल्या होत्या.

धाकटी हादरली, पण खचली नाही. कारण पेटी होती. करारातली रीतच तशी होती: प्रत्येक देशाने आपण शोधलेल्या विषाणूचा थोडा साठा सीलबंद पेटीत दुसऱ्याकडे ठेवायचा. त्यांचा विषाणू वेगळ्या जंतूचा होता, ताईचा जंतू खाणारा फक्त आपलाच. दरवर्षी तपासणीला दोघांनी फक्त सील बघायचं. पेटी उघडणं म्हणजे मित्रावर संशय घेणं, आणि या सभ्यपणाचा दोन्हीकडच्यांना कोण अभिमान! प्रयोगशाळेच्या साहेबांनी सील करून दिलेली आपल्या देशाची पेटी तर धाकटीने स्वतः विमानात मांडीवर घेऊन नेली होती. हवाईसुंदरीने वर ठेवायला मागितली तरी दिली नव्हती.

तिने शेजारच्या देशातल्या शास्त्रज्ञ मित्राला फोन लावला.

"आमची पेटी उघड."

"सील तोडू? अगं, वरून परवानगी..."

"परवानगीचं मी बघते. माझ्या सख्ख्या बहिणीचा पाय आहे रे."

तो लगेच पेटी आणायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पडद्यावर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने जंतू वाढवलेली काचेची बशी समोर धरली. कुपीतला थेंब टाकल्यावर विषाणूने जंतू खाऊन तिथे भोकं पाडायला हवी होती. बशीत जंतूंची साय जशीच्या तशी होती.

"मेला का रे?"

"मेलेल्याचाही माग लागतो. तोही पाहिला. यात काहीच नाही, नुसतं मिठाचं पाणी आहे." त्याने बशी खाली ठेवली. "तुम्ही आम्हाला पाणी पाठवलंत?"

धाकटी तशीच उठली आणि साहेबांच्या खोलीत शिरली. साहेब चहा पीत होते.

"कधी ना कधी कळणारच होतं," ते म्हणाले. "वरून आदेश होता. खरा माल परक्यांच्या हाती द्यायचा नाही, दिल्यासारखं करायचं. तो सगळा आपल्याच फ्रीझरमध्ये राहिला. तुला सांगितलं असतं तर विमानतळावर तुझा चेहराच बोलला असता."

"आणि त्यांची पेटी? त्यांनी तर विश्वासाने दिलीय ना?"

"ती तर आम्ही आली त्याच दिवशी उघडून पाहिली. सील काय, आपल्यालाही लावता येतं. त्यांनीही पाणीच पाठवलंय." साहेब चक्क हसले. "फिट्टंफाट झाली."

एवढी वर्षं दोन देश एकमेकांचं पाणी कुलपात जपत होते, त्यावर पहारे बसवत होते आणि वर्धापनदिनाला एकमेकांच्या गळ्यात हार घालत होते. तिचा मित्रही बिचारा तिच्यासारखाच अंधारात राहिला होता. तिला साहेबांची किळस आली, आणि त्याहून जास्त त्या प्रत्येक समारंभात टाळ्या वाजवणाऱ्या स्वतःची.

बाहेर येऊन तिने ताईला फोन केला.

"काय गं, निघालं का तुझं औषध तिकडून?" ताईने विचारलं. आवाजात उमेद होती.

"ताई, तिकडे औषध नाहीये. कधी नव्हतंच."

"म्हणजे? तूच तर नेलं होतंस."

"मी पाणी नेलं होतं. मला माहीत नव्हतं गं."

ताई म्हणाली, "डॉक्टरांना तू सांगतेस, की मीच सांगू?"