ग्रंथासमोरचा पेला

विहारात वाचता वाचता आईंची जीभ टाळूला चिकटली. शब्द अर्ध्यात राहिला. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवून पाहिली, पण तीही कोरडी ठाक. शेजारी बसलेल्या मारोतीभाऊंनी लगेच हात पुढे केला.

"आना बाई ग्रंथ इकडे. मी वाचतो."

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, आमच्या महागावच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ते आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाई कौसल्याबाईंच्याच आवाजात ऐकत आलेय. शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही कळावं असा आवाज. त्या दिवशी मात्र त्यांनी मुकाट्यानं ग्रंथ देऊन टाकला. मला मारोतीभाऊंचा असा काही राग आला म्हणून सांगू!

घरी येऊन त्या सुपारी चघळत बसल्या.

"हे काहून खाऊन राह्यल्या, आई?"

"तोंडाले पानी सुटते. पन आता वाचन मारोतीलेच करू दे, मोनाली. माह्यं झालं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी सुपारी बंद करायला सांगितली, तोंडाची नासाडी होते म्हणाल्या. मग गोळ्यांची पाकिटं पाहिली. लघवी आवरायच्या गोळीनं तोंड सुकत होतं. ती त्यांनी बदलून दिली.

"फरक पडायला वेळ लागेल. तोवर थोड्या थोड्या वेळानं घोटभर पाणी घ्यायचं. वाचतानासुद्धा."

"वाचताना नाही जमत," आई म्हणाल्या. ग्रंथासमोर बसलं की उठेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, ही आमच्या विहाराची जुनी शिस्त.

पण आई त्याच संध्याकाळी पांढरं लुगडं नेसल्या आणि पाण्यानं भरलेला पेला घेऊन निघाल्या. विहारात तो सगळ्यांदेखत ग्रंथाशेजारी ठेवला.

"बाई, ग्रंथासमोर पानी?" मारोतीभाऊंनी विचारलंच.

"मारोती, तळ्याचं पानी प्याले गेलते म्हून आपल्या मानसायनं मार खाल्ला. अन् मी पानी लपून पेऊ?"

आईंनी सावकाश घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. सगळा विहार थांबून होता. ही माझी सासू आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं मला. मग त्या वाचू लागल्या.

पेला रिकामा झाला तेव्हा तो भरून आणायला मारोतीभाऊ उठले.