अंगठ्याने सरकवलेली कडी

मित्रांनो, मी एक जुनी रबरी कडी आहे. बांगडीहून लहान, काळी आणि आता ठिकठिकाणी तडे गेलेली. केपटाऊनच्या अथलोन भागात मायमूनाची व्हॅन उभी असते. तिच्यातल्या सुट्या नटबोल्टांच्या डब्यात मी पडून असते. माझी गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी नाही, तरी सांगते.

शर्यतीच्या मोटरसायकलचे पुढचे चाक ज्या दोन नळ्यांनी धरलेले असते, त्यांना फोर्क म्हणतात. ब्रेक लावला की फोर्क दबतो, सोडला की वर येतो. त्यातल्याच एका चकचकीत नळीवर मला चढवले होते. दबताना फोर्क मला खाली ढकलत नेई आणि स्वतः वर निघून जाई. मी मात्र पोहोचले तिथेच थांबे. जो ब्रेक उशिरा आणि जोरात लावतो, त्याची कडी खोल जाते. मला बोलता येत नव्हते, तरी सगळे माझ्यावर विश्वास ठेवत. मला त्याचा फार गर्व होता.

मोटरसायकल इगशानची होती. मायमूना त्याची थोरली बहीण. तो तिला तीती म्हणे. गाडी ट्रॅकसाठी जुळवून देण्यात तिचा हात धरणारा कोणी नव्हता. चालवणाऱ्याला चामडी पोशाखासकट गाडीवर बसवून ती गाडी किती खाली बसते ते मोजी. मग एक स्क्रू फिरवी, त्याला फेरी मारायला पाठवी, आल्यावर विचारी आणि पुन्हा स्क्रूला हात घाली. एका वेळी एकच स्क्रू, दोन कधीच नाही.

इगशानचा हात हलका होता. तो वळणाच्या बराच आधी ब्रेक लावी, म्हणून मी अर्ध्यावरच थांबे. त्यात गैर काहीच नव्हते. पण अचमत नावाचे जुने शर्यतवाले होते; सगळे त्यांना बुटा, म्हणजे दादा, म्हणत. त्यांना प्रत्येकाच्या फोर्कपाशी वाकून कडी बघायची खोड होती. एका रविवारी चारचौघांत ते म्हणाले, "इगशान, तू एवढ्या लवकर ब्रेक लावतोस, की मागच्याला डबा उघडून जेवून घेता येतं." सगळे हसले. इगशानही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते.

पुढच्या फेरीनंतर कोणी येण्याआधी तो खाली वाकला. बूट नीट करतो आहे असे दाखवत त्याने अंगठ्याने मला पार तळाशी सरकवले. अचमत आले, त्यांनी बघितले आणि त्याची पाठ थोपटली. मग हे नेहमीचेच झाले. दर वेळी तो अंगठा आला की मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

मायमूनानेही मला बघितले. फोर्क इतका खाली जातो म्हणजे आतली स्प्रिंग मऊ पडते, असे तिला वाटले. तळाला आपटतो का, असे तिने विचारले. हो, आपटतो, असे इगशानने सांगितले. तिने कडक स्प्रिंग घातली. तरीही मी तळाशीच. तिने स्क्रू आणखी आवळला. आता त्याच्या हलक्या ब्रेकने फोर्क दबेचना. पुढच्या चाकावर भार येईना, गाडी वळायला मागेना. समुद्राकडून वारा सुटलेल्या एका दुपारी वळणावर पुढच्या चाकाची पकड सुटली. इगशान घसरत गेला आणि त्याच्या गळ्याजवळचे हाड मोडले.

फोर्क फार कडक केला होता, हे अचमतनी लगेच ओळखले. ते सगळ्यांना तसे म्हणालेही. लोक आपापल्या गाड्या दुसऱ्यांकडे नेऊ लागले. बाईमाणसाच्या हाती गाडी दिली की असेच होणार, असेही कोणी बोलले. मायमूनाने फोर्क उघडला, तेल काढले, आतली एकेक चकती पुसून उजेडात धरली. चूक सापडेना. ती भावाच्या खाटेपाशी जाऊन बसली.

"मी तुला मारलंच असतं, इगशान. यापुढे तुझ्या गाडीला हात लावायची नाही मी."

तो छताकडे बघत राहिला.

हाड जुळल्यावर तो पुन्हा ट्रॅकवर आला. मायमूना आली होती, पण नारळात घोळवलेली कुकसिस्टर, म्हणजे पाकातली गोड भजी, विकायला. ज्यातून ती हत्यारे काढी, ते व्हॅनचे मागचे दार बंद होते. एकाने कुकसिस्टर घेता घेता तिला म्हटले, "हेच बरं जमतं तुला." ती मान खाली घालून सुटे पैसे मोजत राहिली. इगशानला ते बघवले नाही.

"तीतीची चूक नव्हती," तो मोठ्याने म्हणाला. "कडी मी अंगठ्यानं खाली ढकलायचो. दर वेळी. ती खोट्या खुणेवर फोर्क लावत होती."

मायमूनाने हात पुसले.

"किती ढकलायचास?"

त्याने दोन बोटांनी अंतर दाखवले.

"तू लवकर ब्रेक लावतोस हे सांगितलं असतंस, तर मी लवकर ब्रेक लावणाऱ्यासाठी फोर्क लावला असता. माझं काम तेवढंच आहे रे. इतके महिने मी माझेच हात तपासत बसले."

अचमतनी टोपी काढली. आपल्या थट्टेने काय केले हे त्यांना कळले असावे. थोड्या वेळाने ते स्वतःची गाडी ढकलत घेऊन आले आणि बघतेस का म्हणून हळूच विचारले. तिने त्यांना गाडीवर बसवले आणि ती म्हणाली, "पोट आत ओढू नका, बुटा. मला खरं वजन हवंय."

हळूहळू काहीजण परतले. काही कधीच आले नाहीत. इगशानच्या गाडीला हात लावायला तिने बरेच दिवस घेतले. लावला तेव्हा मऊ स्प्रिंग घातली आणि मला काढून नवी कडी चढवली.

मित्रांनो, तुमच्याही आयुष्यात मोजणारे काहीतरी असेलच. ते अर्ध्यावर थांबले तर थांबू द्या. लोक हसतील. हसू द्या. त्या आकड्यावर विश्वास ठेवून कोणीतरी तुमच्यासाठी स्क्रू फिरवत असते, आणि ते माणूस बहुतेक वेळा आपल्या घरचेच असते.