लाकूडतोड्या हरला तो भाग

टीव्हीवरच्या जुन्या अमेरिकन कुस्त्यांची परीक्षणं मी मराठीत लिहितो. हे काम करणारा महाराष्ट्रात दुसरा कोणी असेल तर तो लपून बसला आहे. माझ्या ब्लॉगला एकशे चौदा वाचक आहेत आणि त्यातले दोन मीच आहे. दिवसा मी ठाण्यात, वर्तकनगरजवळ, एका औषध कंपनीत लेबलांवरचा मजकूर तपासतो. चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. घरच्यांना त्याचा त्रास होतो, पण कंपनी त्याचाच पगार देते.

दोनशे बारावं परीक्षण 'थंडर रिंग'च्या ऑगस्ट १९९८मधल्या भागाचं होतं. पहिली लढत दोन जाड्या भावांची. दोघांनाही रिंगमध्ये चढतानाच दम लागतो. दहापैकी तीन गुण. दुसरीत एक मुखवटेवाला स्वतःच्याच झग्यात पाय अडकून आपटतो आणि निवेदक सांगतो की हा डाव होता. चार गुण, तेही निवेदकाच्या धीटपणाला. मुख्य लढत टिंबर जोन्स विरुद्ध कर्नल क्रो. टिंबर जोन्स म्हणजे दाढीवाला, चौकड्यांच्या शर्टातला, खांद्यावर ओंडका घेऊन येणारा पैलवान. आमच्या विठ्ठलवाडीच्या चाळीत त्याला सगळे लाकूडतोड्या म्हणायचे. या लढतीत लाकूडतोड्या हरला.

हेच वाक्य मी अकरा वर्षांचा असताना आमच्या चाळीत बोललो होतो आणि त्या दिवसापासून माझं नाव थापाड्या पडलं.

झालं असं, की त्या रविवारी सकाळी मी वर्तकनगरला मामाकडे होतो. मामाच्या टीव्हीवर तो चॅनल थेट दिसायचा. विठ्ठलवाडीत केबल पोपटकाकांची. ते हा चॅनल लोकांना देत नसत. सकाळी स्वतःच्या डिशवरून कार्यक्रम टेप करायचे आणि संध्याकाळी पाच वाजता आपल्या केबलच्या चॅनलवर लावायचे. खाली साड्यांच्या दुकानाची पट्टी फिरत असायची. मी चार वाजता घरी पोचलो आणि लगेच चाळभर सांगत सुटलो, की कर्नलने लाकूडतोड्याला कोपऱ्यातल्या खांबावरून खाली टाकलं आणि तो हरला. पाच वाजता सगळी चाळ टीव्हीसमोर बसली. लाकूडतोड्या जिंकला.

मी डोळे फाडून बघत होतो. खांबावर चढताना त्याची चड्डी हिरवी होती आणि कर्नलच्या छातीवर बसला तेव्हा ती लाल होती. मी हे ओरडून सांगितलं. शेजारचा केतन म्हणाला, रक्ताने लाल झाली. हे उत्तर सगळ्यांना पटलं, मोठ्या माणसांनासुद्धा.

पुढे विठ्ठलवाडीत लाकूडतोड्या आणखी दीड वर्ष जिंकत राहिला. मग एके दिवशी खालच्या पट्टीवर मजकूर आला: 'लाकूडतोड्या यांनी निवृत्ती घेऊन शेती सुरू केली आहे. प्रेक्षकांचे आभार.' त्यामागून पुन्हा साड्या.

नाव मात्र मला चिकटलं ते चिकटलंच. दहावीला ब्याऐंशी टक्के मिळाले तेव्हा शेजाऱ्यांनी गुणपत्रिका मागून घेतली. माझ्या लग्नात केतनने माझ्या बायकोला, रसिकाला, बाजूला घेऊन विचारलं, याने तुम्हाला काय काय सांगितलंय. मी हसून घेतलं. पण गेल्या डिसेंबरात केतनच्या बहिणीच्या लग्नाला माझी नऊ वर्षांची मुलगी सान्वी बरोबर होती आणि तिने ते नाव ऐकलं. घरी येताना मी तिला सगळं समजावून सांगितलं. त्याला चाळीस मिनिटं लागली. तिने शांतपणे ऐकलं आणि घरी पोचल्यावर आईला विचारलं, बाबा खरं सांगतोय का. रसिका म्हणाली, मी तेव्हा तिथे नव्हते, मी कसं सांगणार. कायद्याने हे उत्तर बिनचूक होतं.

तेव्हापासून सान्वी माझं प्रत्येक वाक्य आईकडून तपासून घेऊ लागली. देवमासा हा मासा नाही, असं मी सांगितलं तर तिने आत जाऊन विचारलं. शाळेत धावण्यात मी पहिला आलो होतो, हे तर तिने विचारलंही नाही. मित्रांनी विश्वास ठेवला नाही तर माणूस चिडतो. पोटच्या पोरीने ठेवला नाही तर पुरावे शोधायला लागतो.

यंदा कॅनडातल्या एका संग्राहकाने तो भाग नेटवर टाकला. मी तो तीनदा पाहिला आणि एका बैठकीत परीक्षण लिहून काढलं. सान्वीची शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून तिने रोज एक पान मराठी मोठ्याने वाचायचं असा रसिकाचा नियम आहे. त्या आठवड्यात तिने माझं परीक्षण वाचलं. 'मणका' या शब्दाला ती अडखळली. तो शब्द शेवटच्या परिच्छेदात होता. फेक ठरलेली होती, पण जोन्स चुकीचा पडला. मानेचे दोन मणके मोडले. तो पुन्हा रिंगमध्ये आलाच नाही. सहा वर्षं चाकाच्या खुर्चीत काढली आणि वारला. सान्वीने वाचून आईकडे पाहिलं. रसिका म्हणाली, हो, नेटवर तसंच दिलंय. मी म्हणालो, मग हरलाही होता. सान्वी म्हणाली, ते चाळीतल्या लोकांनी म्हटलं पाहिजे.

म्हणून मी विठ्ठलवाडीला पोपटकाकांकडे गेलो. काका आता साठीचे आहेत आणि केबलऐवजी इंटरनेट विकतात. मी मोबाइलवर तो भाग लावला. त्यांनी पाच मिनिटंही आढेवेढे घेतले नाहीत.

काकांनी सांगितलं, की १९९८च्याच जूनमध्ये लाकूडतोड्या पहिल्यांदा हरला होता, आणि ते त्यांच्या आईने, कलावती आजींनी, पाहिलं होतं. आजींचा रक्तदाब दोनशेवर गेला आणि त्यांना चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. आजी माण तालुक्यातल्या. त्यांच्या वडिलांची तालीम होती. ठरवून केलेली नुरा कुस्ती त्यांच्या जत्रेत सापडली तर दोन्ही पैलवानांना गाढवावर बसवत. त्यामुळे टीव्हीवरची कुस्ती नुरा असते, हे त्यांना सांगायची सोय नव्हती. लाकूडतोड्यासाठी त्या शनिवारचा उपास करत. दवाखान्यातून आणल्यावर काकांनी दोन व्हीसीआर जोडले आणि ठरवलं, की विठ्ठलवाडीत हा माणूस हरणार नाही. ऑगस्टच्या लढतीला त्यांनी त्याच कर्नलबरोबरच्या एका जुन्या लढतीचा शेवट लावला. पुढचं दीड वर्ष ते इतरांबरोबरच्या त्याच्या जुन्या लढती लावत राहिले, आणि त्या संपल्यावर निवृत्तीची पट्टी सोडली.

"चड्डीचं माझ्या लक्षात आलेलं," काका म्हणाले. "पण कर्नलबरोबरची दुसरी जिंकलेली कुस्तीच नव्हती माझ्याकडे."

मी विचारलं, आणि माझं काय? ते म्हणाले, तुझं वाईट वाटलं रे, पण तू धडधाकट होतास.

मी चिडलो. चिडायला सत्तावीस वर्षांचं भांडवल होतं. शेवटी आमचं असं ठरलं: पुढच्या रविवारी आजींचं सहस्रचंद्रदर्शन होतं आणि जुनी चाळ सगळी काकांच्या घरी जेवायला येणार होती. जेवणानंतर आजी दोन ते चार आतल्या खोलीत झोपतात. तेवढ्यात मी बाहेर तो भाग दाखवायचा, आणि काकांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, की मी कापलं होतं, पोराने खरं सांगितलं होतं. आजींना काही कळू द्यायचं नाही. काकांनी शब्द दिला.

रविवारी मी सान्वीला घेऊन गेलो. रसिका घरी राहिली. तिच्या मते या वयात अशा गोष्टीचा निकाल लावणारा माणूस आधीच हरलेला असतो. आजींना एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं. नव्या नऊवारीत त्या खुर्चीवर ताठ बसल्या होत्या आणि कोण किती जेवलं याच्यावर त्यांची नजर होती. दोन वाजता त्या आत गेल्या. दार लोटल्यावर मी टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला.

तीस-पस्तीस माणसं होती. लाकूडतोड्या ओंडका घेऊन आला तेव्हा टाळ्या पडल्या. कर्नलने त्याला खांबावरून फेकलं. पंचाने तीनदा हात आपटला. खोलीत शांतता पसरली. या शांततेची मी अकराव्या वर्षापासून वाट पाहत होतो. ती चार सेकंद टिकली.

"एआय आहे हे," केतन म्हणाला.

चाळीतली भावना म्हणाली, असणारच, तिने परवाच एक वाघ भाजी घेताना पाहिला होता. रेल्वेतून निवृत्त झालेले काळुराम म्हणाले की एआय बोटांवरून ओळखायचं असतं. ते टीव्हीजवळ गेले, चित्र थांबवायला लावलं आणि कर्नलची बोटं मोजली. पाच भरली. ते म्हणाले, आता तेही सुधारलंय. मी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं, की इथे चड्डी शेवटपर्यंत हिरवीच आहे, नीट बघा. भावना म्हणाली, तेच तर, ओरिजिनलमध्ये ती लाल होते, ती बनवायची राहून गेली. केतनने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मेहनत खूप घेतलीस म्हणून कौतुक केलं. त्याला ते मनापासून वाटत होतं, याचा मला जास्त राग आला.

मी पोपटकाकांकडे पाहिलं. ते उठले. टोपी सारखी केली, घसा साफ केला. "हे बघा, मंडळी," त्यांनी सुरुवात केली आणि त्यांची नजर माझ्या मागे गेली.

आतलं दार उघडं होतं. चौकट धरून आजी उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. त्या टीव्हीकडे बघत होत्या. पडद्यावर लाकूडतोड्या उताणा पडला होता आणि दोन माणसं त्याच्याजवळ वाकली होती.

"एआयच आहे," काका म्हणाले आणि खाली बसले.

लोक हसले. कोणीतरी टीव्ही बंद केला. सान्वी माझ्या शेजारीच बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खोलीभर पाहिलं. विचारायला आई नव्हती.

मला त्या क्षणी पोपटकाकांचा इतका राग आला, की त्यांचे दोन व्हीसीआर आणि दवाखाना सगळं तिथेच उभं राहून सांगून टाकावं असं वाटलं. सांगितलं नाही, कारण आजी चौकट धरून उभ्याच होत्या. मी पेन ड्राइव्ह काढला, चपला शोधल्या आणि निघताना सान्वीला घेऊन आजींच्या पाया पडायला गेलो. चाळीत वाढलेला माणूस कितीही तापला तरी पाया न पडता बाहेर पडत नाही.

वाकलो तेव्हा आजींनी माझं मनगट धरलं. हाताला अजून बळ होतं. मला जवळ ओढून त्यांनी हलकेच विचारलं:

"लई लागलं का रं त्येला?"

एवढंच. एआय का, थापा का, काही नाही. त्या घरात भरलेल्या माणसांपैकी एकीने माझ्यावर विश्वास ठेवला होता, आणि ती आता खरं काय ते मला विचारत होती. खरं मला ठाऊक होतं, तारीखवार. मान मोडली होती, आजी. पुन्हा उभा राहिला नाही. सान्वीचा हात माझ्या दुसऱ्या हातात होता आणि तिने ते सगळं आमच्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचलेलं होतं.

"नाही, आजी," मी म्हणालो. "खांदा जरासा मुरगळला. महिनाभरात बरा झाला. मग शेतीच केली त्याने. पुष्कळ वर्षं."

आजींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मनगट सोडलं.

"मंग हरला तर हरला," त्या म्हणाल्या, आणि सान्वीला विचारलं की शिरा खाल्लास का.

टिटवाळ्याला आमच्या घरापर्यंत रिक्षा केली. शहाडचा पूल येईपर्यंत मी मनात स्पष्टीकरण जुळवत होतो आणि ते काही चाळीस मिनिटांत बसत नव्हतं.

"त्याची मान मोडली होती ना?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

"आणि तो खुर्चीत होता."

मी पुन्हा हो म्हणालो. ती बाहेर बघायला लागली. थापाड्या या नावावर सत्तावीस वर्षं मी हरकत घेत आलो होतो. आता घ्यायला जागा राहिली नव्हती, आणि ज्या एका माणसासमोर ती राहायला हवी होती ते माणूस रिक्षात माझ्या शेजारी बसलं होतं. मला फार वाईट वाटलं. आजींना खरं सांगायला हवं होतं असं मात्र एकदाही वाटलं नाही.

रसिकाने दार उघडलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, मग काय झालं, पटलं का लोकांना. मी चपला काढायला वाकलो. तेवढ्यात काहीतरी सुचेल असं वाटलं होतं.

"सगळ्यांना पटलं," सान्वी म्हणाली. "पोपट आजोबांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं."

रसिकाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खरं?" तिने मला विचारलं.

"सान्वी सांगतेय ना," मी म्हणालो.