पुण्याचा कार्यक्रम

ईश्वरीनं बॅगेची चेन अर्ध्यावर ओढली आणि तशीच सोडून दिली. आत आई धपाटे करत होती. ओल्या फडक्यावर पीठ थापल्याचा आवाज, मग तव्यावर चर्र, मग पुन्हा थापणं. कुणी गावाला निघालं की या घरात सकाळी असाच आवाज येई. आज तो थांबावा असं तिला वाटत होतं.

"चटनी येगळी बांधू का धपाट्यातच घालू?" आईनं आतून विचारलं.

"आई, माझं अजून ठरलं नाही."

"ठरायचं काय ऱ्हायलंय? दुपारची गाडी हाय आंबाजोगाईहून. उद्या कार्यक्रम. आज न्हाई निघालीस तर काय इमानानं जाशील?"

मागच्या दारातून सरस्वतीबाई आल्या. शेजारच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. ईश्वरीचे वडील, आप्पा, गेल्यापासून रोज सकाळी त्या दुधाचा तांब्या घेऊन येत, ठेवून जात. आज बॅग दिसली आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या.

"कुठं निघाली गं पोर?"

"पुन्याला. गान्याच्या कार्यक्रमाला," आईनं तव्यावरची नजर न काढता सांगितलं.

"आगं बाई. सुतकात?"

"आमच्यात सुतक नसतं, बाई."

"ते माहीत हाय मला. पन मानूस तर गेलाच की."

"लिंगैक्य झाले," आई म्हणाली. "रडायचं नसतं, थांबायचं नसतं."

लिंगायताच्या घरात मृत्यूचा विटाळ धरत नाहीत हे सरस्वतीबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. अर्धा जन्म या भिंतीला भिंत लावून गेला होता. तरी त्यांनी तांब्या ठेवताना ईश्वरीकडे एकदा पाहिलं आणि पदर नीट करत निघून गेल्या. ईश्वरीला त्यांचा राग आला नाही. गावात तेवढं एकच माणूस तिच्या बाजूचं आहे असं तिला वाटलं.

आप्पांना खुर्चीत बसवून, फुलांनी मढवून, टाळांच्या गजरात नेलं होतं. घरातून उचलताना आईच्या तोंडून हुंदका फुटला, तेव्हा मागून बायका एकदम म्हणाल्या, रडू नका शांताबाई, शिवाला मिळालेत ते. आईनं हुंदका तिथंच गिळला. तेव्हापासून ती कामाला लागली होती. आप्पांच्या मागं घातलेल्या गणाराधनेच्या जेवणाची भांडी तिनं स्वतः घासली, अंगण सारवलं, दर सकाळी कपाळाला विभूती लावली आणि ईश्वरीला विचारत राहिली, पुण्याचं काय करायलीस?

पुण्याचा कार्यक्रम आधी आप्पांचा होता, मग ईश्वरीचा.

वैजिनाथ आप्पांचा धंदा लाऊडस्पीकरचा. घाटनांदुरात आणि आसपासच्या वाड्यांवर लग्न असो, सप्ताह असो, पुढाऱ्याची सभा असो, कर्णे त्यांचेच. ईश्वरी पुण्यात बी.एड. करत असताना तिच्या मैत्रिणीनं, रोहिणीनं, तिला एक कॅसेट दिली होती. इंजिनिअरिंगच्या पाच मुलांनी वसतिगृहाच्या खोलीत काढलेला बँड, नाव 'लोडशेडिंग'. सिनेमातल्यासारखं त्यात काही नव्हतं. जाड तारेवर एकच सूर बराच वेळ वाजत राही, मग कुणी अंधारात स्वतःशी बोलावं तसा एक आवाज सुरू होई. सुट्टीत ती कॅसेट घरी राहिली. आप्पांची टेस्टिंगची कॅसेट डेकनं खाल्ली होती, म्हणून हाताला लागली ती त्यांनी एका लग्नात लावून पाहिली.

"ह्येच्यात खालचा आवाज लई हाय," ते संध्याकाळी म्हणाले. "आपल्या कर्न्याला पेलत न्हाई. पन आपल्यात काय कमी हाय ते तरी कळतंय."

तेव्हापासून टेस्टिंगला तीच. मांडवाचे बांबू उभे राहत असताना पहिलं गाणं लोडशेडिंगचं वाजे, मग सनई, मग बाकीचं. काही वर्षांत गावाला तो लग्नाचाच भाग वाटू लागला. एकदा आप्पा आजारी होते आणि नातलगाच्या पोरानं मशीन थेट सनईवर सुरू केली, तर नवरीचा मामा भांडायला आला, आमच्याच लग्नात धडधड कावून न्हाई वाजवली म्हणून.

ईश्वरी बीडला क्लासमध्ये फिजिक्स शिकवू लागली. दर सुट्टीला ती आली की आप्पा विचारत, "तुझ्या पोरायचं नवं काय आलं का?" दिवाळीनंतर रोहिणीचा फोन आला की बँडला दहा वर्षं होताहेत, उघड्या मैदानावर मोठा कार्यक्रम आहे, तेव्हा ईश्वरीच्या आधी आप्पा म्हणाले, "दोन तिकिटं सांग."

"तुम्ही येणार?"

"मंग? धा वर्सं टिकली की गं पोरं. आपल्याकडं बँजो पार्टी दोन लगीनसराया टिकत न्हाई. आन् त्येंचे स्पीकर बघायचेत मला. खोक्याचे असतात म्हनं, मानसाएवढे."

मग सगळा हिवाळा तेच. ते उभ्यानं वाजवत्यात का बसून? मधी च्या पेत्यात का? पाऊस आला तर? त्यांनी त्या रविवारचं एक लग्न चक्क नाकारलं. यजमान मोहनराव, गावचे पुढारी, स्वतः दारात आले होते. आप्पा त्यांना म्हणाले, त्या दिशी जमायचं न्हाई साहेब, पोरीसंगं पुन्याला चाललोय, आमच्या धंद्यातल्या लोकायचा कार्यक्रम हाय. मोहनराव हसून गेले. आप्पांनी कार्यक्रमासाठी सफारी शिवायला टाकला होता. तो अजून शिंप्याकडेच होता. कुणाला आणायला जाववलं नव्हतं.

छातीत दुखतं म्हणाले तेव्हा ते ॲम्प्लिफायरचं झाकण उघडून बसले होते. जीपनं अंबाजोगाईला नेताना वाटेतच गेले.

ईश्वरीनं पायात चपला अडकवल्या.

"मठात जाऊन येते," ती म्हणाली.

"जा. पाया पड, मंगच नीघ."

मठाच्या ओसरीवर सोमेश्वर स्वामी बेलाची पानं निवडत बसले होते. किडलेली एका बाजूला, अखंड परडीत. ईश्वरी पाया पडली आणि न सांगता समोर बसून पानं निवडू लागली.

"आज जानार व्हतीस ना गं पुन्याला? वैजिनाथानं मलाबी सांगितलं व्हतं. कसला म्हनला त्यो बँड? वरातीचा?"

"नाही स्वामीजी. गिटारचा."

"असंल. मंग हितं काय करायलीस?"

"विचारायला आले. जाणं बरोबर आहे का."

स्वामींनी पान उजेडात धरून पाहिलं. "त्येच्यात काय विचारायचं? आपल्यात सुतक न्हाई. बाप तुझा कुठं गेला न्हाई, जिथून आला तिथं मिसळला. लोकायचं ऐकू नको. जा खुशाल."

"तुम्ही नको म्हणालात तर आई ऐकेल."

त्यांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या हातातलं पान मधोमध चुरगळलं होतं.

"मी कावून नको म्हनू, पोरी?" त्यांनी हळू विचारलं. "शास्तरात नसलेली आडकाठी मी कुठून आनू?"

चुरगळलेलं पान तिनं किडलेल्यांत टाकलं आणि उठली. पायरीपर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, "वैजिनाथाच्या वाट्याचंबी ऐक." ते आशीर्वादासारखं म्हणाले होते. तिला भर उन्हात अंगावर काटा आला.

स्टेशनच्या रस्त्यावर एसटीडी बूथ होता. काचेच्या खोक्यात शिरून तिनं दार लावून घेतलं. रोहिणीनं लगेच उचलला.

"निघालीस का? मी घ्यायला येते स्टँडवर."

"मी येत नाही गं."

"ईश्वरी, ये. घरात बसून काय करशील? आप्पांसाठी तरी ये."

"त्यांच्यासाठीच येत नाही."

"म्हणजे?"

ईश्वरीनं काचेतून बाहेर पाहिलं. समोरच्या पानटपरीवर शीतपेयाची नवी लाल पाटी लागली होती आणि एक म्हातारा तिच्या सावलीत डोक्यावरचं मुंडासं सोडून बसला होता. "ते मशीन अजून उघडंच आहे, रोहिणी," ती म्हणाली. "झाकण लावलेलं नाही. तिथं उद्या सगळे नाचतील, ओरडतील. मला ते सहन होणार नाही. कुठं तरी काही तरी बंद असायला हवं ना."

"बरं," रोहिणी म्हणाली. "तिकिटं दुसऱ्या कुणाला देऊन टाकू?"

"दे."

ती घरी आली तेव्हा धपाटे फडक्यात बांधून तयार होते. शेवटचा एक तव्यावर होता. आईनं बॅगेची चेनही पूर्ण लावून ठेवली होती.

"काय म्हनले स्वामी?"

"जा म्हणाले."

"मंग? चल लवकर, जीप चुकंल."

मी जाणार नाही, एवढंच ईश्वरीला म्हणायचं होतं. पण मग आई विचारणार होती, कावून, आणि त्या प्रश्नापुढं उभं राहण्याइतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"पुण्याला फोन केला होता," ती म्हणाली. "कार्यक्रम रद्द झाला."

आईच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. "रद्द?"

"हो."

"कावून?"

"काही बोलले नाहीत."

आई चुलीपासून उठली, उंबऱ्यावर येऊन बसली. मग वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे ईश्वरीनं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं.

"त्यायला कळलं आसंल का गं?"

"कुणाला?"

"बँडवाल्यायला. तुझ्या त्या मैतरनीनं सांगितलं आसंल. त्येनी बंद ठेवला आसंल."

ईश्वरीनं बॅग भिंतीकडे सरकवली.

"तसंच करत्यात," आई म्हणाली. तिचा आवाज घाईचा झाला होता, अडखळत होता. "धंद्यातला मानूस गेला की आवाज बंद ठेवत्यात. पाटोद्याच्या सुंदरराव स्पीकरवाल्यानं ह्ये गेले त्या दिशी सोताच्या भाचीचं लगीन मुक्यानं लावलं. मशीन मांडवात हुबी, पन चालू केली न्हाई. रामहरी मशीनवाल्यानं सभेचं काम सोडलं. हे तर पुन्याचे, शिकलेले. त्यायला कळत नसंल व्हय? तूच बग. दुसरं काय कारन आसंल?"

तव्यावरून करपल्याचा वास येऊ लागला. कुणी उठलं नाही.

"त्येच आसंल ना?" आईनं विचारलं. ती ईश्वरीच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"हो," ईश्वरी म्हणाली. "रोहिणीनं सांगितलं त्यांना. आप्पांचं."

आईनं पदर तोंडाशी नेला. आधी खांदे हलले, मग मोठा, फाटका आवाज बाहेर पडला आणि थांबेना. लगेच मागच्या दारात सरस्वतीबाई हजर झाल्या.

"काय झालं गं? काय झालं शांताबाई?"

"पुन्याचा कार्यक्रम बंद ठेवला त्यायनी," आई रडता रडता म्हणाली. "ह्येंच्यासाठी."

"आगं बाई माझे," सरस्वतीबाई खाली बसल्या आणि त्यांनी आईचं डोकं छातीशी घेतलं. "एवढा मान? एवढा मान राखला?"

ईश्वरीनं तवा खाली उतरवला. हाताला चटका बसला, तरी तिनं तो सावकाश ठेवला. उद्या संध्याकाळी मैदानावर दिवे लागतील, आणि माणसाएवढ्या खोक्यांतून आप्पांच्या कर्ण्याला न पेललेला तो खालचा आवाज निघेल.

हुंदके ओसरले तेव्हा आईनं डोळे पुसले. "किती लोक येनार व्हते गं?"

"लई. मैदान भरून."

"आन् समदे आल्या पावली माघारी जातील?"

"जातील."

"गुमान?"

"गुमान," ईश्वरी म्हणाली, आणि तिच्याजवळ उंबऱ्यावर बसली.