म्हाताऱ्या माशीचं पान

सासऱ्यांचं पुस्तक आपल्याला संपादित करावं लागणार आहे, असं लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर तिने निदान विचार करायला थोडी मुदत मागितली असती.

ती एका प्रकाशनसंस्थेत मुलांच्या पुस्तकांचं काम बघायची. राक्षस, पऱ्या आणि बोलके ससे आता पुष्कळ झाले, यंदा मुलांसाठी खऱ्या माहितीची पुस्तकं काढायची, असं प्रकाशकांनी ठरवलं. ढगांवर, हाडांवर, पुलांवर, आणि घरात घोंघावणाऱ्या माशीवर. माशीवर कोण लिहील याची चर्चा चालू असताना ती चहा पिता पिता सहज बोलून गेली, "आमचे बाबा जन्मभर माश्याच बघत आलेत." ते वाक्य तिने घोटासकट गिळायला हवं होतं.

बाबा म्हणजे तिचे सासरे. कीटकशास्त्राचे प्राध्यापक, आता निवृत्त. त्यांचे विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'अपवादसर' म्हणायचे, कारण कुठलंही विधान ते एकटं सोडत नसत. सोबतीला एखादा अपवाद देऊनच बाहेर पाठवत. घरीही तेच. सूप गार झालंय का विचारलं तर म्हणायचे, "कशाच्या मानाने?"

त्यांनी मोठ्या हौसेने लिहायला घेतलं. पहिलं वाक्य असं होतं: 'घरमाशी ही, काही अतिथंड प्रदेश वगळता, मनुष्यवस्तीच्या सान्निध्यात सर्वसाधारणपणे आढळणारी द्विपंखी कीटकांची एक बहुपरिचित जात मानली जाते.'

तिने ते खोडून लिहिलं: 'माशी आपल्या घरात राहते.'

संध्याकाळी कागद परत आला. खाली बारीक पेन्सिलीत शेरा होता: 'सर्वच घरांत नव्हे. शिवाय राहते म्हणजे काय? येते-जाते.'

"बाबा, हे आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे," ती म्हणाली.

"म्हणूनच. मोठ्यांना चुकीचं सांगितलं तर ते विसरून जातात. मुलं विसरत नाहीत."

 मुद्दा बरोबर होता, आणि वाक्य वाचायला जड होतं. बाबांचे बरेचसे मुद्दे याच जातीचे असायचे, त्यामुळे धड भांडताही यायचं नाही.

तिकडे ऑफिसात प्रकाशकांचा वेगळाच सूर. त्यांना माहिती हवी होती, पण गोड. "माशीला नाव द्या. गुणाबाई. गुणगुणते ना! आणि शेवटी ती मुलांना सांगेल, जेवणाआधी हात धुवा." त्यांनी परस्पर चित्रकाराकडून गुणाबाईचं चित्रही करून घेतलं. लांब पापण्या, गुलाबी गाल आणि तोंडभर हसू.

ते चित्र तिने घरी आणायला नको होतं. बाबांनी ते खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं.

"हिला दात आहेत," एवढंच म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले. रात्री नीट जेवलेही नाहीत.

नवरा कामावरून आला, दोघांचे चेहरे बघून म्हणाला, "आता कुठे माशी शिंकली?"

"माशी शिंकत नाही," बाबा म्हणाले. "तिला नाक नसतं. अंगाच्या कडेला छिद्रं असतात, त्यांतून ती श्वास घेते."

"बघ," ती नवऱ्याला म्हणाली, "हे किती छान वाक्य आहे. हेच मला कागदावर का मिळत नाही?"

"छिद्रांची संख्या द्यावी लागेल," बाबा म्हणाले. ती उठून भांडी आवरायला गेली आणि ती जरा जास्तच आवाज करत आवरली.

असे दोन-तीन महिने गेले. ढगांचं पुस्तक छापून झालं, हाडांचं बांधणीला गेलं, पुलांचंही मार्गी लागलं. माशी पहिल्या प्रकरणातून उठायला तयार नव्हती. शेवटी तिने एक युक्ती काढली. जवळच्या वाचनालयात शनिवारी सकाळी मुलं जमायची. बाबांनी तिथे एक प्रकरण वाचून दाखवावं. मुलं जांभया देतील, बाबांच्या ध्यानात येईल, आणि आपली सुटका होईल. युक्ती फारशी सरळ नव्हती, पण सरळ उपाय सगळे करून झाले होते.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. सतरंजीवर मुलं बसली होती. बाबांनी वाचायला सुरुवात केली आणि तिच्या अपेक्षेपेक्षाही लवकर चुळबुळ सुरू झाली. एकाने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. दोघी एकमेकींच्या वेण्या घालू लागल्या. ग्रंथपालबाई उगाचच पुस्तकं सारखी करत राहिल्या. बाबा वाचता वाचता मान वर करून बघत, आणि दर वेळी त्यांचा आवाज थोडा खाली जात होता. तिला वाटलं होतं आपल्याला बरं वाटेल. तिला अजिबात बरं वाटेना.

तेवढ्यात पुढे बसलेल्या एका मुलीने मध्येच विचारलं, "माशी म्हातारी झाली की कशी दिसते?"

बाबा थांबले. त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

"पंख फाटतात," ते म्हणाले. "उडून उडून कडा झिजतात. जुन्या कापडासारख्या."

"केस पांढरे होत नाहीत?"

"नाही. पंखांवरूनच ओळखायचं."

"मग तिला उडता येतं?"

"येतं. पण लांब जात नाही. थोडं उडते, बसते. पुन्हा थोडं उडते."

"मग तिला खायला कोण आणून देतं?"

"कुणी नाही," बाबा म्हणाले. "ती एकटीच असते."

मुलगा नाडी तशीच टाकून बघू लागला. वेण्या अर्ध्यावर राहिल्या. मग प्रश्न सुरू झाले ते थांबेनात, आणि बाबा एकेका प्रश्नाला एकेका ओळीत उत्तर देत गेले. माशी चव पायांनी घेते म्हटल्यावर एकाने मोजा काढून स्वतःचा पाय निरखून पाहिला. ती मागे उभी राहून, हाताला लागेल त्या कागदाच्या पाठीवर भराभर उतरवून घेत होती.

सोमवारी तिने त्यातलं एक पान प्रकाशकांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि कपाळावर आठी घातली.

"म्हातारपण? मुलांच्या पुस्तकात? आईबाप दुकानात पान उलटतील आणि पुस्तक जागेवर ठेवून देतील. इथे हात धुण्याचं टाका."

"हात धुण्याचं त्यांना घरी, शाळेत, सगळीकडे सांगतात," ती म्हणाली. "हे कुणी सांगत नाही. एका मुलीने स्वतःहून विचारलंय."

"एका मुलीसाठी पुस्तक काढत नाही आपण."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण आवाज चढला नाही. उलट खाली आला. "मग मुखपृष्ठावरचं 'खरी माहिती' एवढं काढून टाकू. बाकी सगळं तुम्ही म्हणाल तसं."

 शेवटी घासाघीस होऊन ठरलं ते असं: म्हातारी माशी राहील, आतल्या चित्रांतले दात आणि गाल जातील, गुणाबाई जाईल, मुखपृष्ठावरच्या पापण्या मात्र राहतील. पापण्यांवरून ते हटेनात.

ती दमून घरी आली. बाबा टेबलाशी त्याच पानाची प्रत घेऊन बसले होते, आणि पेन्सिल हातात होती. 'पंख फाटतात'च्या आधी त्यांनी 'बहुधा' घातलं होतं. 'लांब जात नाही'च्या आधी 'सर्वसाधारणपणे'.

"बाबा," ती खुर्चीत बसली, पर्स खांद्यावरच होती. "त्या मुलीला तुम्ही बहुधा म्हणालात का?"

"तेव्हा राहून गेलं."

"राहून गेलं म्हणून तिने ऐकलं. या एका पानासाठी मी आज साहेबांशी भांडून आलेय. आता तुमच्याशीही भांडू?"

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "अगं, पण काही माश्यांचे पंख मुळातच उलगडत नाहीत. कोषातून बाहेर येतात तेव्हापासून वाकडे. म्हाताऱ्या नसतात त्या. एखाद्या मुलाला अशी माशी दिसली, तर त्याला वाटेल म्हातारीच आहे. त्याचं काय करायचं?"

 तिने कागद पुढे ओढला.

"त्या उडत नाहीत?"

"नाही."

"मग काय करतात?"

"चालतात."

तिने पानाच्या तळाशी लिहिलं: 'काही माश्यांचे पंख पहिल्यापासून वाकडे असतात. त्या उडत नाहीत. त्या चालतात.' आणि कागद त्यांच्याकडे फिरवला. बाबांनी दोनदा वाचलं. मग रबर घेऊन स्वतःच्या हाताने वरचं 'बहुधा' खोडलं. 'सर्वसाधारणपणे' खोडायला थोडा जास्त वेळ लागला.

पुस्तक निघालं. पापण्यांवरून बाबांनी आठवडाभर मुखपृष्ठ खाली करूनच ते टेबलावर ठेवलं. पाहुणे आले की आधी पापण्यांचा खुलासा, मग पुस्तक.

एका रविवारी दुपारी प्रकाशकांचा फोन आला. आवाज वैतागलेला.

"एक आई ऑफिसच्या नंबरवर सारखी फोन करतेय. तिचा मुलगा घरात माशी मारू देत नाही. म्हणतो, आधी तिचे पंख बघू दे. पंख बघेपर्यंत माशी जेवणावर बसते. आता या बाईंना मी काय सांगू?"

"काय म्हणणं आहे त्यांचं?"

"पुढच्या आवृत्तीत काहीतरी लिहा म्हणतात. म्हातारी नसली तर मारली तरी चालते, असं."

तिने डोळे मिटून घेतले. पलीकडच्या खोलीतून बाबांनी विचारलं, "कोण आहे गं?"

"तुमचे वाचक," ती म्हणाली. प्रकाशकांकडून बाईंचा नंबर चिठ्ठीवर उतरवून घेऊन तिने तो बाबांच्या हातात दिला, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दाराआडून बाबांचा आवाज ऐकू येत होता. ते त्या बाईंना आधी विचारत होते, माशी नेमकी कुठल्या जातीची आहे.