डोकं अजून उठलं नाही

अंगठ्याच्या नखात एरंडेल राहिलं होतं... सकाळी लेकीच्या, लास्याच्या टाळूवर थापलेलं, पदराला तीनदा पुसूनही चिकटच. डोळ्यांची डॉक्टरीण बोलत होती ते भ्रमरांबाला ऐकू येत होतं, सगळं कळतही होतं, पण ती बघत होती नखाकडे.

“दोन्ही डोळ्यांमागची नस सुजलीय, अम्मा. हिच्या कवटीचे सांधे फार लवकर जुळलेत, जन्मतःच असतं हे एकेका मुलाला. मेंदू वाढतोय आणि आत जागा नाही, म्हणून दाब चढलाय. कवटी उघडून जागा करावी लागेल. नजर अजून आहे. गेली तर मागून आणता येत नाही. विशाखापट्टणमला चिठ्ठी देते, उद्याच निघा.”

जागा नाही... आणि आम्ही गूळ वाटला होता! तिसऱ्या महिन्यातच टाळू भरली म्हणून. अत्तम्मांनी, म्हणजे सासूबाईंनी, अंगठ्यानं दाबून बघितलं आणि काकिनाड्याच्या त्या आमच्या बोळात घरोघर ऐकू जाईल अशी हाळी दिली, “या गं, बघा! तुमच्या पोरांची वर्षभर लपलपते, माझ्या नातीची दगड झाली, दगड!” शेजारणी आल्या, त्यांनीही दाबून बघितलं. एरंडेलाचा गुण, भ्रमरांबाच्या हाताचा गुण. आणि पुढं आलेले ते मोठाले डोळे — देवळातल्या देवीला, अम्मवारूला, चांदीचे बसवतात तसे — त्यांची तर दर शुक्रवारी लाल मिरच्यांनी दृष्ट काढत होते मी. आपलीच दृष्ट काढायला हवी होती कुणीतरी.

“सकाळी उलटी होते? डोकं दुखतं?”

“छे! दुखतं असं कधी म्हणालीच नाही,” भ्रमरांबा घाईनं म्हणाली, आणि त्या घाईत थोडा अभिमानही होता, सहा वर्षांच्या मुलीनं कधी कुरकुर केली नाही याचा. डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे लक्षच दिलं नाही. खुर्ची लास्याकडे वळवली.

“तू सांग गं राणी. सकाळी उठल्यावर कसं वाटतं?”

“मी उठते,” लास्या म्हणाली, “पण डोकं उठत नाही. मग बस येईपर्यंत हळूहळू उठतं.”

हे वाक्य घरचं होतं, लाडकं होतं. रोज पहाटे परसातल्या रगड्याच्या गार दगडाला कपाळ लावून, डोळे मिटून पोर बसायची — “थांब ना अम्मा, डोकं अजून उठलं नाही.” केवढे हसायचो आम्ही! शाळेत बाईंना सांगितलं, माहेरी फोनवर सांगितलं. अत्तम्मा म्हणायच्या, “बापावर गेलीय आळशी! तो तरी लग्नाच्या मुहूर्ताला कुठं वेळेवर उठला होता?” हसायचो, आणि पेसरट्टूचा, मुगाच्या डोशाचा, घास तिच्या तोंडात कोंबायचो, आणि तिनं ओकला की — नाटकं! आणि परवा, सोमवारी, बसवाला भोंगा वाजवत होता, ती दगडापासून हलेना, तेव्हा मी चापट मारली. डोक्यातच मारली.

रडली नव्हती. दोन्ही हातांनी डोकं धरून बसमध्ये चढली होती, भरलेली घागर नेतात तशी जपून.

“तेलानं झालेलं नाही हे,” डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या. “तेल न लावून टळलंही नसतं. मनाला लावून घेऊ नका.”

तेलाचं तिनं विचारलंच नव्हतं. विचारायचं होतं ते चापटीचं.

बाहेर बाकावर लास्या पाय हलवत बसली. तपासायला घातलेल्या थेंबांनी डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेड सोसेना म्हणून तिनं तोंड आईच्या कुशीत खुपसलं. विशाखापट्टणम. उद्या. नवऱ्याला फोन करायला हवा... पण काय सांगायचं त्याला, कुठून सुरुवात करायची?

“अम्मा,” कुशीतूनच आवाज आला, “तुझं डोकं किती वाजता उठतं?”

“काय?”

“मोठ्यांचं लवकर उठत असेल ना? तू तर उठल्या उठल्या चूल पेटवतेस.”

म्हणजे तिला वाटत होतं, सगळ्यांचंच असं असतं. आईचं, आजीचं, बसमधल्या प्रत्येक मुलाचं. सगळेच सकाळी असे डोकं धरून बसतात आणि कुणी बोलत नाही, म्हणून तीही बोलली नव्हती.

भ्रमरांबाचा हात सवयीनं वर गेला, तिच्या टाळूकडे. तेलकट केसांपासून बोटभर अंतरावर तो थांबला. ठेवावा की नाही, ते तिला कळेना.